दगड उकडू नका: खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी जुन्या दगडांची तयारी

दोन महिन्यांपूर्वी एक सहकारी सिंगापूर सोडून गेला. जाताना त्याने आपल्या मोडलेल्या रीफ टाकीतले बारा किलो दगड मला दिले. दोन वर्षं ते बाल्कनीत खोक्यात पडून होते. रंग करडा, सगळीकडे भोकं आणि खाचांत काहीतरी काळपट वाळलेलं. मी ते खोकं आमच्या एचडीबी फ्लॅटच्या सर्व्हिस यार्डात, वॉशिंग मशीनच्या बाजूला ठेवलं आणि नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल आला.

"एवढं काय त्यात? कुकरमध्ये घाल आणि चार शिट्ट्या काढ. सगळे जंतू मरतील."

आईचा तर्क तसा बरोबर आहे. प्रयोगशाळेत मी रोज जो ऑटोक्लेव्ह वापरते तो म्हणजे मोठा कुकरच. पण टाकीतून निघालेले दगड उकडणं ही या छंदातली सगळ्यात धोकादायक चूक आहे, म्हणून आधी तेच सांगते.

रीफ टाक्यांमध्ये झोअँथिड नावाचे जीव हौसेने पाळतात. रंगीत बटणांसारखे दिसणारे हे प्राणी प्रवाळांचे नातेवाईक. त्यांच्यातल्या पॅलिथोआ गटातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे विष असतं. हवाई विद्यापीठातल्या मूर आणि शॉयर यांनी 1971 मध्ये ते वेगळं काढलं. आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा एक पंप असतो. हे विष त्या पंपाला चिकटतं आणि त्याचं उघड्या दारात रूपांतर करतं. ते उकळून नष्ट होत नाही. उलट उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर बारीक तुषारांतून घरभर पसरतं. दगड उकडल्यामुळे अख्खं कुटुंब रुग्णालयात पोचल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. सहकाऱ्याच्या टाकीत कोणकोणते जीव होते हे त्यालाही आठवत नव्हतं. म्हणून कुकर नाही, आणि कोरडा दगड ब्रशने खरवडून धूळ उडवणंही नाही. हातमोजे, चष्मा आणि थेट ब्लीचचं पाणी. ब्लीचमुळे हे विष निकामी होतं.

आता हा दगड म्हणजे काय ते पाहू. बहुतेक वेळा तो जुन्या प्रवाळांचा सांगाडा असतो, म्हणजे ॲरगोनाइट या रूपातलं कॅल्शियम कार्बोनेट. टाकीत तो शोभेपुरता नसतो, त्याच्या असंख्य छिद्रांत जिवाणूंची वस्ती होते. बाहेरच्या थरात, जिथे ऑक्सिजन असतो तिथे, माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट होतं. आत खोलवर ऑक्सिजन संपतो आणि काही जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला यंत्रांच्या गर्दीऐवजी समुद्रातला जिवंत दगड वापरून टाक्या चालवून दाखवल्या.

मग समुद्रातलाच दगड का आणू नये? कठीण प्रवाळ आणि असा जिवंत दगड साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, म्हणजे परवान्याशिवाय त्यांची आंतरराष्ट्रीय ने-आण करता येत नाही. भारतात कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, त्यामुळे मालवणहून आठवण म्हणून तुकडा उचलण्याचाही विचार नको. सिंगापूरच्या छोट्याशा समुद्रात सुमारे अडीचशे जातींची कठीण प्रवाळं सापडतात, पण भराव घालण्यात इथले निम्म्याहून जास्त प्रवाळखडक गेले. कुणाच्या तरी बाल्कनीत पडलेला दगड वापरणं मला त्यामानाने कितीतरी बरं वाटतं.

फक्त तो कोरा नसतो. इथेच माझी पहिली टाकी फसली होती. पाच वर्षांपूर्वी मी असाच जुना दगड नळाखाली धुऊन टाकीत ठेवला. तीन महिन्यांत हिरव्या केसाळ शेवाळाने टाकी भरली, आणि पाण्यातलं फॉस्फेट तपासावं तर किट शून्य दाखवत होतं. शेवाळ दगडातून सुटणारं फॉस्फेट पाण्यात येताच खात होतं, आणि मी पाणी बदलत बसले होते.

ॲरगोनाइटच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटतं. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं टाकलेल्या माशांच्या खाण्यातून ते साठतं. नव्या, स्वच्छ पाण्यात दगड गेला की हळूहळू परत सुटतं. पाणी म्हणजे खिसा आणि दगड म्हणजे बँकेतलं खातं. खिसा रिकामा केला की खात्यातून पुन्हा पैसे येतात. आकडेच बघा. मला 120 लिटरच्या टाकीत दर लिटरला 0.05 मिलिग्रॅम फॉस्फेट हवं आहे, म्हणजे अख्ख्या टाकीत 6 मिलिग्रॅम. दगडात त्याच्या कित्येक पट साठा असू शकतो.

म्हणून या वेळी क्रम ठरवला. आधी सेंद्रिय घाण. एक भाग साधं घरगुती ब्लीच, दहा भाग पाणी, आठवडाभर. पहिल्या दोन दिवसांत पाणी चहासारखं झालं आणि क्लोरीनबरोबर सुक्या बोंबलांचा वास सुटला (शेजारच्या आजींनी दार लावून घेतलं, त्यांचं काही चुकलं नाही). मग भरपूर धुणं, क्लोरीन घालवायला सोडियम थायोसल्फेट, आणि उन्हात वाळवणं. पण ब्लीच फक्त मेलेला जीव जाळतं. दगडाला चिकटलेलं फॉस्फेट तसंच राहतं.

त्यावर अनेक जण ॲसिड वापरतात. हायड्रोक्लोरिक आम्ल दगडाचा वरचा थरच विरघळवतं, आणि त्याबरोबर फॉस्फेट जातं. उपाय खरा आहे, पण हिशेब करून पाहा: 30 टक्के तीव्रतेचं एक लिटर आम्ल जवळपास अर्धा किलो दगड खातं आणि शंभर लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं. फ्लॅटच्या बंद यार्डात ते मला नको होतं. शिवाय ब्लीचचा अंश उरलेल्या दगडावर आम्ल पडलं तर क्लोरीन वायू तयार होतो. मोकळं अंगण असतं तर कदाचित विचार केला असता.

मी निवडलं लँथॅनम क्लोराइड. लँथॅनम फॉस्फेटला पकडून न विरघळणारा पांढरा गाळ बनवतं. चालू टाकीत ते माशांच्या कल्ल्यांना त्रासदायक ठरू शकतं, ड्रममध्ये मासेच नाहीत. 40 लिटर पाण्यात समुद्री मीठ घालून क्षारता दर हजारी 35 ठेवली, पंप सोडला आणि ड्रम झाकला. पाणी खारंच हवं, कारण त्यातले बायकार्बोनेट आणि सल्फेट फॉस्फेटची जागा घ्यायला मदत करतात. अंधार हवा, म्हणजे शेवाळ वाढून आकडा खोटा दाखवणार नाही.

एका आठवड्याने फॉस्फेट 0.9 निघालं. लँथॅनम थेंब थेंब घातलं, गाळ बारीक कापडी गाळणीतून काढला, 0.05 वर आलं. मला जरा बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा 0.4. खात्यातून पैसे आले! दुसऱ्या फेरीनंतर आठवडाभराने 0.15. तिसरी झाल्यावर ते 0.06 च्या आसपास थांबलं आहे.

आता जिवाणूंची पाळी. दगड पूर्ण मेलेला आहे, त्यामुळे अमोनियम क्लोराइडने अमोनिया लिटरला 2 मिलिग्रॅमवर नेला आणि मित्राच्या निरोगी टाकीतली मूठभर वाळू टाकली. सगळं काम जिवाणूच करतात असं नाही, बरं का. अमोनिया खाणारी पहिली आर्किया, नायट्रोसोप्युमिलस, 2005 मध्ये शास्त्रज्ञांनी मिळवली ती सिअॅटल ॲक्वेरियमच्या एका उष्णकटिबंधीय टाकीतल्या खडीतून. नंतर कळलं की समुद्रात तिची भावंडं सगळीकडे आहेत.

काल अमोनिया दीड दिवसात संपला, पण नायट्राइट अजून वर आहे. दोन्ही एका दिवसात शून्यावर येईपर्यंत मासा नाही. आईने सकाळी विचारलं, "झाले का गं दगड शिजून?" म्हटलं, अजून तीन आठवडे तरी.