शेवटच्या घासावरचा आळ

वाशीमच्या अकोला नाक्यावर किंवा पाटणी चौकात कुणी ‘हॉटेलात जाऊ’ म्हणालं, तर त्याला मुक्कामाची खोली नको असते. आपल्याकडे हॉटेल म्हणजे सकाळी पोहे, आलूबोंडा, कचोरी, चहा आणि दुपारी पोळी-रस्सा. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला आणि जिल्ह्याची कचेरीची कामं इथं आली. तेव्हापासून रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजाहून तारखेला, दाखल्याला, बाजाराला आलेला माणूस दुपारचं जेवण बाहेरच घेतो. पोहरादेवीला, कारंज्याच्या गुरुमंदिरात, शिरपूर जैनला निघालेली कुटुंबंही वाटेत कुठेतरी टेकतातच. चैन म्हणून नव्हे, गरज म्हणून बाहेर खाणारा हा मोठा वर्ग आहे. त्याच्या मनात या खाण्याविषयी ज्या समजुती घट्ट बसल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत.

सर्वांत पक्की समजूत अशी, की जे शेवटचं खाल्लं त्यानंच पोट बिघडलं. रात्री जुलाब लागले की दुपारचं हॉटेल दोषी ठरतं. प्रत्यक्षात प्रत्येक जंतूची वेळ वेगळी असते. हाताळणीतून अन्नात गेलेल्या स्टॅफिलोकोकस जंतूचं विष अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या घडवतं. साल्मोनेलाला सहा तास लागतात, कधी सहा दिवसही. कॅम्पिलोबॅक्टरचा त्रास बहुधा दोन ते पाच दिवसांनी दिसतो. टायफॉइड एक ते तीन आठवड्यांनी डोकं वर काढतो, आणि दूषित अन्नपाण्यातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ १५ ते ५० दिवसांनी. म्हणजे आज डोळे पिवळे झाले, तर कारण गेल्या महिन्यातल्या एखाद्या लग्नाच्या पंगतीत किंवा घरच्या माठातही असू शकतं.

आमच्या घरी एकदा यात्रेहून परतल्यावर तिघांना एकदम ताप आणि जुलाब झाले. आम्ही सगळे वाटेतल्या शेवटच्या हॉटेलाला बोल लावत बसलो. डॉक्टरांनी मात्र गेल्या तीन-चार दिवसांत कुठं कुठं खाल्लं, पाणी कुठलं प्यायलं, ते विचारलं. तेव्हा लक्षात आलं, की दोन दिवस आधी तिघांनीच गाड्यावरचा बर्फाचा गोळा खाल्ला होता आणि हॉटेलात तर आम्ही सहाजण जेवलो होतो. गोळ्यानंच झालं असं त्यानंही सिद्ध होत नाही. पण ज्या हॉटेलवाल्याचं नाव आम्ही शेजारीपाजारी सांगून मोकळे झालो होतो, त्याच्यावर आळ घेण्याइतकाही आधार आमच्याकडे नव्हता. याची मला आजही खंत आहे. चुकीच्या जागी दोष दिला की एकाचा धंदा बुडतो आणि खरं कारण तसंच राहून पुढच्याला गाठतं.

दुसरा आळ तर्रीवर. लाल तवंग पाहिला की पाहुणे मंडळी हात आखडतात. ‘वऱ्हाडातलं तिखट, पोटाला नक्की बाधणार’ म्हणतात. तर्री म्हणजे मिरची आणि मसाल्याचा रंग व तिखटपणा उतरलेलं तेल. मिरचीतलं कॅप्सायसिन आतड्याच्या अस्तरातल्या उष्णता आणि वेदना जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. त्यामुळे सवय नसलेल्याला जळजळ होते, कधी पातळ जुलाबही होतो. पण तो संसर्ग नव्हे. त्यानं ताप येत नाही. ताप, रक्त पडणं, दोन-तीन दिवस न थांबणारे जुलाब ही जंतूंची खूण. आणि उलट बाजूही खरी: तिखट, लिंबू किंवा कच्चा कांदा खाल्ला म्हणून बाहेरचं पाणी बाधत नाही, हा नुसता धीर आहे. तो कांदा ज्या पाण्यात धुतला, ज्या पाटावर आणि ज्या हातांनी चिरला, त्यांवरच सगळं अवलंबून. उकळता रस्सा सुरक्षित आणि शेजारचा कांदा, कोथिंबीर, पातळ चटणी जोखमीची, असं चित्र अनेक ताटांत असतं.

‘गरम आहे म्हणजे ताजं आहे’ या समजुतीवर मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्या उन्हाळ्याशी तिचा थेट संबंध आहे. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की जंतू झपाट्यानं वाढतात. मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, भटारखान्यात त्याहून जास्त. म्हणजे ओट्यावर झाकून ठेवलेलं पातेलं जंतूंना हवी तशी ऊब देतं. सकाळचा भात दुपारी फोडणी देऊन वाफाळता समोर आला, तरी धोका गेला असं नाही. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजल्यावरही टिकतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं ते विष पुन्हा तापवल्यानं नष्ट होत नाही. स्टॅफिलोकोकसचं विषही तसंच चिवट. त्यामुळे जे पातेलं चुलीवर सतत वाफाळत आहे ते चांगलं. जे सकाळपासून कोमट पडून आहे आणि मागितल्यावर गरम करून मिळतं, ते टाळलेलं बरं. गर्दीच्या साध्या हॉटेलात माल लवकर संपतो, हा त्याचा मोठा फायदा. फरशी चकचकीत, एसी थंडगार, पण गिऱ्हाईक तुरळक, अशा जागी तोच रस्सा दिवसभर पडून राहू शकतो.

पाण्याचंही असंच. वाशीम शहराला एकबुर्जी धरणाचं पाणी मिळतं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि थंड जारचं पाणी मागतं. तो वास क्लोरीनचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, पाणी क्लोरीननं शुद्ध केलेलं असेल तर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं म्हटलंच आहे, कारण वाटेत मिसळणाऱ्या जंतूंना तेच रोखतं. सील नसलेला, लेबल नसलेला जार फक्त एवढंच सांगतो की पाणी थंड आहे. जार आतून कधी घासला, त्याची तोटी कुणी हाताळली, हे जिभेला कळत नाही. गोडी ही क्षार कमी असल्याची खूण आहे, जंतू नसल्याची नव्हे. गोठवल्यानंही जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला तो त्याचसाठी. सरबतात निळसर झाक दिसली तर ग्लास परत करा.

तेलाबद्दल दोन टोकं आहेत. कुणी म्हणतं, दुसऱ्यांदा वापरलेलं तेल म्हणजे विष. कुणी म्हणतं, कढईत सगळं जळून शुद्ध होतं. दोन्ही खरं नाही. तळताना तेलात घातक घटक हळूहळू साठत जातात. त्यांतल्या ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा वाढलं की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर आहे. गिऱ्हाइकाला यंत्र लागत नाही: काळपट, दाट, फेसाळणारं आणि मंद आचेवरही धूर सोडणारं तेल दिसलं की आलूबोंडा कितीही खमंग असो, पुढं जावं. तोच आलूबोंडा वर्तमानपत्रात बांधून मिळत असेल तर तेही नियमाबाहेर आहे. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत त्याला मनाई आहे.

अलीकडे लोक खिशात टिंचर आयोडिन घेऊन पनीर तपासतात. निळं झालं की नकली, नाही झालं की अस्सल! आयोडिन फक्त पिष्ट ओळखतं. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घालून केलेल्या बनावट पनीरमध्ये पिष्ट नसेल, तर ते या परीक्षेत सहज सुटतं. आणि ग्रेव्हीतल्या कॉर्नफ्लोअरमुळे अस्सल पनीरही निळं पडू शकतं. तेलाचं पनीर विषारी असतंच असं नाही. ते पनीर म्हणून विकणं ही फसवणूक.

बिलाकडे वळू. ‘एसीत बसलं की १८ टक्के’ ही २०१७ मधली गोष्ट. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलाला एसी असो वा पंखा, जीएसटी ५ टक्केच. छोटं हॉटेल कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. नोंदणीच नसेल तर मुळीच नाही. बिलावर कर लावला असेल तर पंधरा अक्षर-अंकी जीएसटी क्रमांक शोधा, महाराष्ट्राचा २७ पासून सुरू होतो. सर्व्हिस चार्ज हा कर नाही, आणि तो सक्तीचा करता येत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला स्पष्ट केलं. मात्र टेबलावर दिलेल्या बाटलीला छापील किमतीहून जास्त घेतलं की गुन्हाच, हेही खरं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की तिथं नुसती वस्तूची विक्री नसते, बसण्याची जागा आणि सेवाही असते. तीच बाटली दुकानातून घेतली तर छापील किंमतच द्यायची.

आणि खरंच पोट बिघडलं तर? हॉटेलच्या बिलावर चौदा अंकी अन्नसुरक्षा क्रमांक असतो, असावाच लागतो. तो जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. उरलेलं पार्सल फेकू नका, फ्रिजमध्ये ठेवा. तपासायला तेच लागतं. सोबत कोण कोण जेवलं, त्यांतलं कोण आजारी पडलं आणि कोण नाही, त्रास किती वाजता सुरू झाला, हे लिहा. त्याच कागदावर मागच्या तीन-चार दिवसांतलं प्रत्येक जेवण, प्रत्येक जार आणि प्रत्येक गोळाही लिहा, घरचं धरून.