बटणातला राखणदार

अमेरिकेत गाडीमागे ओढत न्यायचं एक घर असतं, ट्रॅव्हल ट्रेलर. पलंग, शेगडी, मोरी, सगळा संसार आत. दाराबाहेर एक दिवा आणि त्याचं बटण दाराच्या आत. गोम इथेच आहे! पडदे ओढून आडवं झालं की बाहेरचा दिवा जळतोय की विझलाय, हे आतून कळणार कसं?

जळू दे की, काय बिघडलं? रानात मुक्काम असेल तर सगळी भिस्त १२ व्होल्टच्या बॅटरीवर. जुना १८ वॅटचा बल्ब दीड अँपिअर खातो. दहा तासांत १५ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच निर्धास्त वापरायचे, म्हणजे एका विसराळू रात्रीत जवळजवळ तिसरा हिस्सा स्वाहा. त्याउलट बाहेरचा दिवा जळताना पेटणारा मुगाएवढा एलईडी बटणापाशी बसवला तर तो रात्रभर जागून ०.१ अँपिअर-तास घेतो. राखणदाराचा पगार, चोरीचा दीडशेवा हिस्सा!

आता बटण उघडून पाहा. अरेच्चा, वायरी दोनच! एक बॅटरीकडून आलेली, दुसरी दिव्याकडे निघालेली. परतीची वायर दिव्यापासून परस्पर जाते, बटणाकडे फिरकतही नाही. आणि परतीची वाट नसेल तर वीज पाऊल टाकत नाही.

एलईडी त्याच दोन वायरींवर आडवा जोडला तर? गंमत होते. बटण बंद असताना तो पेटतो! वीज त्याच्यातून निघून बाहेरच्या बल्बच्या तारेतून घरी परतते. इतक्याशा विजेने बल्बची तार कोमटही होत नाही. बटण चालू केलं की हमरस्ता खुला होतो, बोळातून कोण जाईल? एलईडी विझतो. अंधारात बटण सापडायला हे झकास, पण आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलट. शिवाय बाहेरचा दिवाही एलईडीचाच असेल, तर या झिरपणाऱ्या विजेवर तो भुतासारखा मिणमिणू शकतो.

म्हणून बटणापर्यंत एक मायनसची वायर आणायची आणि एलईडी दिव्याकडच्या वायरीला व तिला जोडायचा. आता दोघं एकदमच पेटतात, एकदमच विझतात.

मात्र लाल एलईडीला दोनच व्होल्ट पुरतात. बारा थेट दिले तर क्षणात खलास. मध्ये १००० ओहमचा रेझिस्टर हवा. उरलेले दहा व्होल्ट तो पोटात घेतो आणि जेमतेम १० मिलिअँपिअर पुढे सोडतो. जेमतेम? त्यातही सेकंदाला सहावर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन धावतात! एलईडीच्या स्फटिकातल्या एका सांध्यावर ते एक पायरी खाली उतरतात आणि त्यातले काही उतरताना प्रकाशाचा कण टाकतात. पायरीच्या उंचीवर रंग ठरतो. लाल रंगाची अशी पायरी १९६२ साली निक होलोन्याक यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये साधली.

आपल्या जुन्या गिझरच्या बटणातला लाल ठिपका काढून इथे लावू म्हणाल, तर तो निऑनचा. साठ-सत्तर व्होल्ट मिळाल्याशिवाय तो डोळाच उघडत नाही. एलईडीच घ्या, लांब पाय प्लसकडे ठेवा, आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी बॅटरीची मायनस वायर सोडवा.