सीडीच्या कव्हरला कागद कुठला घ्याल?

मैत्रिणींनो, दिवाळीची साफसफाई काढली की कपाटाच्या वरच्या खणातून सीडींचा एक गठ्ठा हमखास निघतो. २००० नंतरच्या दशकात लग्न, मुंज, बारसं, एकसष्टी, सगळ्यांचं शूटिंग आधी सीडीवर आणि मग डीव्हीडीवर मिळू लागलं. आता यातल्या कित्येकांची कव्हरं फाटली आहेत, काहींची शाई उडाली आहे. आणि सीडी तर सगळ्या सारख्याच दिसतात! ओळखणारं माणूस घरात आहे तोवर ठीक. पण एकदा का ते नसलं, की ‘काय आहे कुणास ठाऊक’ म्हणत गठ्ठा भंगारात जातो. त्यातच आजीच्या आवाजातली मंगलाष्टकं असली तर?

म्हणून कव्हर नुसतं शोभेचं नसतं, ती त्या सीडीची ओळख असते. मुलांच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला शाईचा प्रिंटर घरात असेल, तर नवीन कव्हर घरीच होतं. प्रश्न असतो तो कागदाचा.

कागदाच्या पाकिटावर ‘जीएसएम’ लिहिलेलं असतं. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. आकडा जितका मोठा, तितका कागद सहसा जाड. नेहमीचा झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. त्यावर फोटो छापला की शाई पसरते, रंग मळकट दिसतात आणि कागद ओलसर होऊन लाटा येतात. नुसतं नाव-तारीख छापायची असेल तर तो चालेल, फोटोला नको.

मग आपण दुसऱ्या टोकाला जातो. चकचकीत, जाडजूड फोटो पेपर आणतो! दिसतो छानच, पण २०० जीएसएमच्या पुढचा कागद डबीच्या खाचेत नीट सरकत नाही. घडीवर चीर पडून पांढरी रेघ दिसते. शिवाय पावसाळ्यातल्या दमट हवेत चकचकीत बाजू प्लॅस्टिकला चिकटून बसू शकते. ओढून काढावं तर फोटोच सोलून निघतो.

तिसरी गंमत आर्ट पेपरची. छापखान्यात मिळणारा हा गुळगुळीत कागद स्वस्त आणि सुंदर. पण तो छापखान्याच्या शाईसाठी असतो. घरच्या प्रिंटरची पातळ शाई त्यात मुरत नाही, बोट लागलं की फिसकटते. आर्ट पेपरच हवा असेल, तर गावातल्या डिजिटल प्रिंटवाल्याकडून लेझरवर छापून घ्या. उलट, शाईच्या प्रिंटरचा चकचकीत फोटो पेपर लेझर प्रिंटरमध्ये कधीच घालू नका. उष्णतेने त्याचा थर वितळून मशीन बिघडू शकतं.

मग घ्यायचा कोणता? दुकानात ‘इंकजेट मॅट पेपर’ मागा, १२० ते १७० जीएसएमचा. चमक नाही, पण रंग स्वच्छ उमटतात, घडी नीट बसते आणि अक्षरं वाचताना उजेड चमकत नाही. बऱ्याचदा एकाच बाजूला छापायचा थर असतो. कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावून बघा, जी बाजू चिकट लागेल ती छपाईची.

आता मापं. सीडीचं पुढचं कव्हर १२ बाय १२ सेंटिमीटर. मागचं १५.१ बाय ११.८, त्यात दोन्ही कडांच्या साडेसहा मिलिमीटरच्या पट्ट्या आल्या. दोन्ही एका ए-फोर कागदात बसतात. डीव्हीडीचं अख्खं कव्हर २७.३ बाय १८.३, तेही ए-फोर आडवा धरला की मावतं. छापताना आकार ‘१०० टक्के’ ठेवा. ‘पानात बसवा’ असा पर्याय निवडलात तर माप बदलतं. आधी साध्या कागदावर एक प्रत काढून डबीत घालून बघा, महागाचा कागद वाया जात नाही. खरी प्रत मात्र तासभर तरी सुकू द्या. घडीच्या जागी पट्टी धरून शाई संपलेलं रिफिल हलकेच ओढा, मग दुमडा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मजकूर. ‘लग्न’ एवढंच नको. कुणाचं, कुठे, कोणत्या तारखेला आणि कुणाकुणाचा आवाज आहे, हेही लिहा. बाजूच्या पट्टीवर नाव हवंच, गठ्ठ्यात तेवढंच दिसतं. सीडीवर मात्र चिकट लेबल लावू नका, ती फिरताना तोल जातो. डब्या उन्हापासून लांब ठेवा.

कव्हर कितीही छान झालं तरी सीडी कायम टिकत नाही. तेव्हा ती चालतेय तोवर तिची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. आणि कव्हरवरची नावं लिहायला घरातल्या मोठ्या माणसांना आत्ताच शेजारी बसवा. कागद काय, बाजारात पुढच्या वर्षीही मिळेल.