आन्यो नुएवोचे एलिफंट सील: किनाऱ्यावरील गर्दीमागचा इतिहास

सॅन फ्रान्सिस्को परिसरातील मराठी कुटुंबांच्या हिवाळी सहलीत टाहोचा बर्फ बहुधा ठरलेलाच असतो. मात्र त्याच ऋतूत, टाहोच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर, प्रशांत महासागराच्या काठी जे दृश्य पाहावयास मिळते, ते जगात फार थोड्या ठिकाणी इतक्या जवळून पाहता येते. सॅन होजेहून १७ क्रमांकाच्या महामार्गाने सांताक्रूझ गाठावे आणि तेथून १ क्रमांकाच्या किनारी महामार्गाने उत्तरेकडे सुमारे २० मैल जावे, म्हणजे आन्यो नुएवो हे राज्य उद्यान लागते. स्पॅनिश दर्यावर्दी सेबास्तियान व्हिस्काइनो याच्या जहाजांवरून ३ जानेवारी १६०३ रोजी हे भूशिर दिसले. नववर्षाच्या आरंभीचे म्हणून त्यास ‘नवे वर्ष’ या अर्थाचे नाव मिळाले.

१५ डिसेंबर ते ३१ मार्च हा येथे एलिफंट सीलचा प्रजननकाळ मानला जातो. या काळात मार्गदर्शकाविना किनाऱ्यावर जाता येत नाही आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. जाऊन येऊन सुमारे तीन मैलांची ही पायपीट असून तिला अडीच तास लागतात. वाट शेवटी वाळूच्या टेकड्यांतून जाते, त्यामुळे वृद्ध आईवडिलांना सोबत नेणाऱ्यांनी याचा विचार आधीच करावा. फेरी पावसातही होते, पण छत्री नेण्यास मनाई आहे, रेनकोट हवाच. सीलपासून किमान २५ फूट दूर राहण्याचा नियम आहे.

प्राणी दिसण्याआधी त्यांचा आवाज ऐकू येतो. रिकाम्या पिंपावर संथपणे ठोकल्यासारखा हा आवाज नरांचा असतो. पूर्ण वाढलेला नर १४ ते १६ फूट लांब आणि दोन टनांहूनही जड असू शकतो. नाकापासून लोंबणाऱ्या सोंडेमुळे या प्राण्याला हत्तीचे नाव चिकटले आहे. नरांच्या झुंजी छायाचित्रकारांना प्रिय असल्या, तरी बहुतेक तंटे झुंजीविनाच मिटतात. प्रत्येक नराच्या हाकेला स्वतःचा ठेका असतो आणि प्रतिस्पर्धी तो ओळखतात, असे याच किनाऱ्यावरील अभ्यासातून २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्याच्याकडून पूर्वी मार खाल्ला आहे, त्याची हाक ऐकताच दुर्बळ नर वाट सोडतो.

माद्या डिसेंबरच्या उत्तरार्धापासून येऊ लागतात. किनाऱ्यावर आल्यानंतर काही दिवसांतच मादी एका पिलाला जन्म देते. जन्मतः सुमारे ७५ पौंडांचे हे पिलू जवळजवळ चार आठवड्यांत २५० ते ३५० पौंडांचे होते. दुधात स्निग्धांश निम्म्याहून अधिक असतो. या संपूर्ण काळात आई अन्नाचा कण घेत नाही. पिलाच्या अंगावर चढणारी चरबी अक्षरशः तिच्या अंगावरून उतरलेली असते. मग ती समागम करून समुद्रात निघून जाते आणि पिलू वाळूवर एकटे उरते. पोहणे त्याला कोणी शिकवत नाही. उथळ पाण्यात धडपडत ते स्वतः शिकते आणि एप्रिलअखेरपर्यंत समुद्राला लागते.

समुद्रातील आयुष्य याहून विलक्षण आहे. आन्यो नुएवोचे नर अलास्काच्या दिशेने जातात, माद्या खुल्या प्रशांतात पांगतात. साधारण २० मिनिटांची बुडी, पृष्ठभागावर दोन-चार मिनिटे श्वास, पुन्हा बुडी, असा क्रम महिनोन्‌महिने अहोरात्र चालतो. मग ते झोपतात केव्हा? सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील जेसिका केंडल-बार व सहकाऱ्यांनी मेंदूतील विद्युत्‌लहरी नोंदवून २०२३ साली याचे उत्तर दिले. शत्रूंच्या टप्प्याखाली उतरल्यावर सील वीस मिनिटांहून कमी काळाच्या डुलक्या घेतो आणि झोपेतच पाना गळावा तसा गिरक्या घेत खाली जातो. समुद्रात त्याची दिवसाची एकूण झोप सुमारे दोन तास भरते.

वाळूवर पसरलेले हे शेकडो देह पाहून प्राण्याची भरभराट चालली आहे असे वाटते, आणि ते खोटेही नाही. मात्र १९व्या शतकात चरबीच्या तेलासाठी झालेल्या शिकारीने ही जात जवळजवळ संपवली होती. १८९२ साली मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटावर चार्ल्स टाउनसेंड यांच्या मोहिमेला अवघे आठ सील आढळले. वस्तुसंग्रहालयासाठी त्यांतील सात मारण्यात आले! जात आता राहणारच नाही, तेव्हा निदान नमुने तरी राहावेत, असा तो काळाचा तर्क होता. सुदैवाने आणखी काही सील समुद्रात होते. मेक्सिकोने १९२२ साली त्यांना संरक्षण दिले, पुढे अमेरिकेनेही दिले. आन्यो नुएवो बेटावर पहिले सील १९५५ साली दिसले, १९६१ साली तेथे पहिले पिलू जन्मले आणि मुख्य भूमीवरील पहिला जन्म जानेवारी १९७५ मधला. आज या जातीची एकूण संख्या दोन लाखांच्या घरात मानली जाते.

हे सारे त्या मूठभर सीलांचे वंशज आहेत. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या बॉनेल आणि सेलँडर यांच्या अभ्यासात १५९ सीलांच्या रक्तातील प्रथिने तपासली गेली. २४ जनुकस्थानांपैकी एकावरही भेद आढळला नाही. त्यात मोजकेच नर बहुसंख्य पिलांचे बाप होत असल्याने वैविध्य वाढण्याची गती आणखी मंदावते. संख्या परत आली, वैविध्य आले नाही. नवा रोग आल्यास काहींच्या अंगी उपजत प्रतिकारशक्ती असण्याची आशा ही अशा वैविध्यावर अवलंबून असते. ही भीती पुस्तकी नाही. २०२३ साली अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पावर बर्ड फ्लूने दक्षिणी एलिफंट सीलची १७ हजारांहून अधिक जनावरे, मुख्यतः पिले, दगावली. ती जात वेगळी असली तरी जवळची आहे.

कोकणात वेळासला जाऊन आलेल्या पाहुण्यांना आन्यो नुएवोचा एक नियम जड जातो. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने कासवांची अंडी सुरक्षित कुंपणात हलवली, पिले समुद्रात सोडली. तेथे माणसाचा हात हाच रक्षक आहे. येथे मात्र नराखाली चिरडलेल्या किंवा भरतीत आईपासून तुटलेल्या पिलाला कोणी हात लावत नाही. मुले विचारतात, मार्गदर्शक शांतपणे समजावतात, तरीही पावले तेथे अडखळतात. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्यच म्हणाव्या लागतील: वेळासला अंड्यांची चोरी थांबवायची होती, तर येथे माणसाने दूर राहणे हाच उपचार ठरला.

पिले पाहायची असल्यास जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे सीलांचा भाग बंद असतो. एप्रिलनंतर कात टाकण्यासाठी सील पुन्हा येतात. तेव्हा परवाना घेऊन स्वतंत्रपणे फिरता येते. निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावरील ताज्या सूचना अवश्य पाहाव्यात, आणि वाटेवर खाद्यपदार्थ चालत नसल्याने डबा परतल्यावर गाडीजवळच उघडावा.