दम आधी, हाड मागाहून

भाईंदरहून पहाटेच्या लोकलने निघून महालक्ष्मीस उतरले, की अंधार पुरता ओसरण्यापूर्वीच रेसकोर्सच्या कठड्याशी उभे राहता येते. आणि ज्यांना घोड्यांची शर्यत म्हणजे केवळ पैजांचा बाजार वाटतो, त्यांनी शर्यतीच्या गर्दीत न येता अशा एखाद्या आडवारी सकाळी यावे, असे मला मनापासून वाटते. मुंबईच्या शर्यती भायखळ्याहून १८८३ साली येथे आल्या आणि २४०० मीटरची इंडियन डर्बी येथे १९४३ पासून धावली जाते, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या सुमारे अडीच मिनिटांच्या धावेमागे जी महिनोगणती तालीम असते, तिचे दप्तर सहसा कोणी उघडून पाहत नाही.

खरारा झालेला घोडा मोतद्दार हाती धरून चालवीत आणतो. मग स्वार चढतो, काही वेळ दुडकी, त्यानंतर संथ धाव, आणि आठवड्यातील मोजक्याच दिवशी भरधाव, असा एकंदर शिरस्ता. भरधावीच्या वेळी प्रशिक्षकाच्या हातातील घड्याळ चालू होते, आणि ६०० मीटर ४० सेकंदांत, अशा नोंदी दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत छापूनही येतात.

कठड्याजवळून घोडा जातो तेव्हा टापांच्या आवाजाइतकाच त्याच्या श्वासाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि लक्ष देऊन ऐकणाऱ्यास दोहोंची लय एकच असल्याचे कळून येते. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. भरधाव धावताना त्याच्या प्रत्येक झेपेबरोबर एक श्वास बांधलेला असतो, पुढचे पाय भूमीवर पडताना तो सुटतो आणि झेप लांबताना पुन्हा भरतो. विश्रांतीच्या वेळी मिनिटास ३० ते ४० ठोके देणारे त्याचे हृदय या धावेत २२० च्याही वर जाते. परंतु मला सर्वांत विलक्षण वाटते ती त्याची प्लीहा. एरवी तांबड्या पेशींचा मोठा साठा ती स्वतःपाशी राखून ठेवते आणि श्रमाचा प्रसंग येताच आकुंचन पावून तो सारा रक्तात लोटते, त्यामुळे शेकडा ४० च्या आसपास असलेले त्या पेशींचे प्रमाण शेकडा ६० पर्यंत चढते. काही आठवड्यांच्या नियमित मेहनतीने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, हृदय बलवान होते, आणि धाव संपल्यावर ठोके पूर्वीपेक्षा लवकर खाली येऊ लागतात. घोडा तयार झाला, असे अशा वेळी स्वारालाही वाटते आणि मालकालाही.

पण तयार झालेला असतो तो दम. पाय अद्याप मागेच असतात. गुडघ्याखाली घोड्याच्या पायात मांस जवळजवळ नसतेच. असतात त्या लांब कंडरा आणि पायाची नळी. साडेचारशे-पाचशे किलोचे ते जनावर भरधाव निघाले म्हणजे एका क्षणी एकाच पुढच्या पायावर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, आणि वारंवार ताणून आखडणाऱ्या कंडरेच्या गाभ्याचे तापमान ४५ अंशांपर्यंत पोहोचते. कंडरा एकदा दुखावली, तर भरून येते ती वणाने, पूर्वीच्या धाग्याने नव्हे. हाडाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. नवा भार पडू लागला की नळीचा काही अंश आधी आतून कोरला जातो आणि मग तेथे नवे हाड भरू लागते. कोरण्याचे काम आठवड्यांत उरकते, भरण्यास महिने लागतात, आणि जुन्या वाड्याची कुजकी तुळई काढल्यावर नवी बसेपर्यंत छप्पर जसे जपावे लागते, तशी मधल्या काळात ती नळी जपावी लागते. नेमका याच काळात दम मात्र भरात असतो! मग केवळ संथ धावेचे मैल वाढवीत राहावे काय? पेन्सिल्व्हानिया विद्यापीठातील शल्यविशारद डेव्हिड ननामेकर यांच्या संशोधनातून असे दिसून आले, की तशा मेहनतीने तरुण घोड्याची नळी वेगासाठी घडत नाही. तिला वेगाची ओळख वेगानेच, परंतु अगदी अल्प अंतराच्या आणि सावकाश वाढत्या मात्रेने करून द्यावी लागते.

म्हणूनच धाव आटोपल्यावर घड्याळाकडे पाहणाऱ्यांपेक्षा मला खाली वाकून दोन्ही नळ्यांवरून तळवा फिरविणारा मोतद्दार अधिक महत्त्वाचा वाटतो. एका पायाला दुसऱ्याहून किंचित अधिक ऊब लागली, अथवा बोट दाबताच जनावराने पाय आखडला, तर ती वार्ता प्रशिक्षकाकडे तत्काळ पोहोचते आणि पुढील भरधाव रद्द होते. घोड्याची चंदीसुद्धा श्रमाच्या मानाने कमी केली जाते. या निर्णयाची नोंद कोठेही छापली जात नाही, आणि दरमहा खर्च सोसणाऱ्या मालकास तो रुचतोच असेही नाही. परंतु मुंबईचा हंगाम एप्रिलच्या सुमारास आटोपतो, पुण्याचा जुलैच्या सुमारास सुरू होतो, आणि मधले हे महिने कोवळ्या नळीला भरून येण्यासाठी लाभतात. तेव्हा मार्चमध्ये धावू पाहणारा घोडा पुण्यापर्यंत राखून ठेवा, असे मालकास तोंडावर सांगणारा प्रशिक्षक मिळणे, हे त्या घोड्याचे मोठेच भाग्य मी समजतो.