बावीस कोटींची बाटली: गैरसमज आणि वस्तुस्थिती

१८ नोव्हेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात ‘मकॅलन १९२६’ या स्कॉच सिंगल माल्टची एक बाटली २१ लाख ८७ हजार ५०० पौंडांना गेली. त्या वेळच्या दराने २२ कोटी रुपयांहून अधिक. अशी बातमी आली की जुन्या व्हिस्कीबद्दलच्या समजुतींना ऊत येतो. त्यातल्या पाच समजुती तपासून पाहू.

गैरसमज १: बाटली जपून ठेवली की व्हिस्की मुरत जाते.

वस्तुस्थिती: व्हिस्की मुरते ती ओकच्या पिंपात. बाटलीत उतरली की तिचं वय तिथेच थांबतं. बारा वर्षांची व्हिस्की कपाटात तीस वर्षं पडून राहिली तरी ती बारा वर्षांचीच. ‘मकॅलन १९२६’मधलं १९२६ हे गाळल्याचं वर्ष. ती बाटलीत भरली १९८६ साली, म्हणून तिचं वय ६० वर्षं. लेबलवरचा वयाचा आकडा सरासरीही नसतो. स्कॉचच्या कायद्यानुसार तो आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो.

गैरसमज २: जितकी जुनी, तितकी सरस.

वस्तुस्थिती: स्कॉटलंडच्या थंड गोदामातही पिंपातला सुमारे २ टक्के ऐवज दरवर्षी हवेत उडून जातो. मद्यार्काचं प्रमाण ४० टक्क्यांखाली घसरलं तर ती स्कॉच म्हणून विकता येत नाही. शिवाय फार काळ लाकडात राहिलेली व्हिस्की तुरट, कडवट होऊ शकते. बहुतेक पिंपं पन्नाशी गाठतच नाहीत. एल्गिनच्या गॉर्डन अँड मॅकफेल या कंपनीने १९४० साली पिंपात भरलेली ग्लेनलिव्हेट ८० वर्षांनी बाटल्यांत भरली, तेव्हा हाती आल्या अवघ्या २५० बाटल्या. उलट गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणारी पॉल जॉन उकाड्यामुळे काही वर्षांतच मुरते. तिथे उडून जाणारा वाटाही कितीतरी मोठा. त्यामुळे दोन देशांतल्या व्हिस्कींची तुलना नुसत्या वयावरून करण्यात अर्थ नाही.

गैरसमज ३: पैसे मोजायचे ते आतल्या व्हिस्कीचे.

वस्तुस्थिती: ‘मकॅलन १९२६’च्या सगळ्या चाळीस बाटल्या एकाच पिंपातून, क्रमांक २६३ मधून भरल्या. वेगळं होतं ते लेबल. बारा बाटल्यांवर इटालियन चित्रकार व्हालेरिओ आदामीचं चित्र आहे, बारांवर पीटर ब्लेकचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये एडिंबराला आदामीची एक बाटली ८ लाख ४८ हजार ७५० पौंडांना गेली. पुढच्याच महिन्यात लंडनला मायकेल डिलनने हाताने रंगवलेल्या एकमेव बाटलीला १२ लाख पौंड मिळाले. व्हिस्की तीच, पण तशी रंगवलेली दुसरी बाटली जगात नाही.

गैरसमज ४: नावाजलेल्या ठिकाणी मिळाली म्हणजे अस्सलच.

वस्तुस्थिती: २०१७ साली स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात ‘मकॅलन १८७८’चा एक पेग ९,९९९ स्विस फ्रँकना विकला गेला. बाटलीचं बूच आणि लेबल पाहून जाणकारांना शंका आली आणि नमुना प्रयोगशाळेत गेला. व्हिस्की बहुधा १९७० ते १९७२ दरम्यानची निघाली. सिंगल माल्टही नव्हे, साधं ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्कींचं मिश्रण. हॉटेलने ग्राहकाचे पैसे परत केले.

हे वय काढतात ते किरणोत्सारी कार्बनवरून. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं त्याचं प्रमाण वाढलं, ते त्यानंतर पिकलेल्या बार्लीत उतरलं, आणि बार्लीतून व्हिस्कीत. १८७८च्या बाटलीत ते सापडलं की बनवाबनवी उघडी पडते. २०१८ साली स्कॉटलंडमध्ये तपासलेल्या ५५ दुर्मीळ बाटल्यांपैकी २१ बनावट किंवा चुकीच्या सालाच्या ठरल्या. २२ कोटींची ती बाटलीही लिलावाआधी मकॅलनकडे जाऊन आली होती. तिथे तिचं बूच बदललं, लेबलचे सुटलेले कोपरे चिकटवले आणि आतली एक मिलिलिटर व्हिस्की काढून दुसऱ्या १९२६च्या बाटलीशी ताडून पाहिली.

गैरसमज ५: घेऊन ठेवली की भाव चढतच जातो.

वस्तुस्थिती: मालमत्ता सल्लागार कंपनी नाइट फ्रँकच्या निर्देशांकानुसार दुर्मीळ व्हिस्कीचे भाव २०२३ साली ९ टक्क्यांनी उतरले, म्हणजे विक्रमी बोली लागली त्याच वर्षी. बंद भट्ट्यांच्या बाटल्यांना मागणी असते, पण १९८३ मध्ये बंद पडलेली ब्रोरा २०२१ साली आणि पोर्ट एलन २०२४ साली पुन्हा सुरू झाली. बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचं कमिशन येतं, त्यावर वाहतूक, विमा आणि आयात शुल्क. सांभाळणंही सोपं नाही. वाइनसारखी बाटली आडवी ठेवली तर कडक मद्यार्काने बूच खराब होतं, आणि उभी ठेवूनही पातळी हळूहळू खाली जाऊ शकते.

बोली लावण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: बाटली भरली कधी, आजवर ती कोणाकोणाकडे होती, आणि आतली पातळी कुठवर आहे. मधल्या प्रश्नाचं उत्तर कागदोपत्री मिळालं नाही, तर लेबलवर कितीही जुनं साल असो, हात खालीच ठेवावा.