ध्वनिवर्धकाची गुणगुण : दोष कोठे शोधावा?

संध्याकाळची कामे आटोपली आहेत, घरातल्या ध्वनिवर्धकावर अभंग चालले आहेत. एक अभंग संपतो, दुसरा सुरू व्हायचा असतो, आणि मधल्या शांततेत दोन्ही स्पीकरांतून ‘घूंऽऽ’ असा सूर ऐकू येतो. घरातले कोणी म्हणते, “यंत्र जुनं झालं, चालायचंच.” शेजारी म्हणतो, “प्लगची ती तिसरी मोठी पिन काढून टाका, मग बघा आवाज जातो की नाही.” पहिले म्हणणे आळसाचे आहे, दुसरे जिवावर बेतणारे आहे. खरे पाहता ही गुणगुण आपला ठावठिकाणा आपणच सांगत असते. पेटी उघडण्यापूर्वी आपण फक्त कान देऊन तीन प्रश्न विचारायचे. ते प्रश्न आज सांगतो. तिसऱ्या पिनेचे प्रकरणही त्यातच येईल.

आधी थोडे विजेविषयी. आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची आणि उलटसुलट वाहणारी असते. एका सेकंदात तिची ५० आवर्तने होतात. ध्वनिवर्धकात शिरताच तिची गाठ पडते ट्रान्सफॉर्मरशी, म्हणजे रोहित्राशी. गावाबाहेरच्या ज्या रोहित्राला आपण ‘डीपी’ म्हणतो, त्याचेच हे धाकटे भावंड. मध्ये लोखंडाचा गाभा, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. लोखंडात चुंबकत्व आले की त्याची लांबी अगदी किंचित बदलते. जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञाच्या हे १८४२ साली ध्यानात आले. चुंबकत्वाची दिशा कोणतीही असो, बदल सारखाच होतो. म्हणून विजेच्या एका आवर्तनात गाभा दोनदा थरथरतो. ५० दुणे १००. डीपीखाली उभे राहिले असता जी गुणगुण ऐकू येते ती हीच.

आता पहिला प्रश्न : आवाज पेटीतून येतो की स्पीकरमधून? व्हॉल्यूमचे बटण शून्यावर आणा. एकदा पेटीजवळ कान न्या, एकदा स्पीकरजवळ. पेटीतूनच येत असेल, तर दोष बहुधा थरथरण्याचा आहे. झाकणावर तळहात दाबून धरा. आवाज कमी झाला, तर झाकणाचे स्क्रू सैल आहेत. तसे नसेल, तर रोहित्राचे बोल्ट सैल झाले असतील. वीज बंद करून, प्लग काढून ते बेताने आवळावेत आणि खाली रबरी वॉशर घालावेत. गोल कड्यासारखे रोहित्र मधोमध एका बोल्टने बसवलेले असते. त्या बोल्टचे वरचे टोक झाकणाला टेकू देऊ नये. टेकले तर बोल्ट आणि पेटी मिळून धातूचा एक बंद वेढा तयार होतो, त्यातून मोठा प्रवाह वाहतो आणि रोहित्र तापते.

कधी ही गुणगुण अधूनमधूनच येते. तेव्हा घरात त्या वेळी दुसरे काय चालू होते ते बघा. केस वाळवण्याची काही यंत्रे अर्ध्या वेगावर विजेच्या लाटेचा अर्धाच भाग घेतात. त्यामुळे गोल रोहित्राचा गाभा एकाच बाजूला ओढला जातो आणि ते कुरकुरू लागते. येथे रोहित्र बदलून उपयोग नाही. मात्र रोहित्राला हात लाववत नसेल किंवा जळका वास येत असेल, तर यंत्र लगेच बंद करावे. आतले वेढे एकमेकांस चिकटले असण्याचा संभव आहे.

आवाज स्पीकरमधून येत असेल, तर दुसरा प्रश्न : मोबाइल, टीव्ही, रेडिओ यांच्याकडून येणाऱ्या सर्व तारा काढल्यावर तो थांबतो काय? थांबला, तर ध्वनिवर्धक निर्दोष आहे. दोष बाहेर आहे. मग एकेक तार परत जोडत जा. जिच्यासरशी आवाज येईल ती दोषी. पुष्कळदा ती टीव्हीची तार निघते. टीव्हीला येणारी केबल दुसरीकडे कोठेतरी जमिनीशी जोडलेली असते, आणि आपला ध्वनिवर्धक आपल्या घरच्या अर्थिंगला. जमिनीकडे जाणाऱ्या अशा दोन वाटा झाल्या की त्यांच्यामधून बारीकसा प्रवाह फिरू लागतो, आणि तो गाण्याच्या तारेतून जातो. याला ‘अर्थचे कडे’ म्हणू. उपाय सोपे आहेत. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावावीत. गाण्याची तार आखूड व विजेच्या तारेपासून दूर ठेवावी. एवढ्याने भागले नाही, तर त्या तारेत गाण्यासाठीचे लहान विलगक रोहित्र बसवून घ्यावे.

तारा काढूनही आवाज राहिला, तर तिसरा प्रश्न : व्हॉल्यूमच्या बटणाबरोबर तो कमीजास्त होतो काय? होत असेल, तर दोष बटणाच्या अलीकडे, आत येणाऱ्या सुट्या झालेल्या तारेत किंवा जोडात आहे. बटण फिरवूनही आवाज तेवढाच राहत असेल, तर संशय वीजपुरवठ्याच्या भागावर घ्यावा. येथे सूरही मदत करतो. काळी एकला गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने करते. गुणगुण त्याहून खाली असेल तर ती ५० ची, सहसा तारांमधून शिरलेली. त्याहून वर असेल तर १०० ची, सहसा वीजपुरवठ्याची.

वीजपुरवठ्यात कॅपॅसिटर असतात. जुने कारागीर त्यांना कंडेन्सर म्हणतात. हे घराच्या पाण्याच्या टाकीसारखे काम करतात. डायोडमधून वीज सेकंदाला १०० हिसक्यांनी येते, टाकी भरते, आणि खालून एकसारखी धार निघते. टाकी ४७०० मायक्रोफॅरडची असेल आणि १ अँपिअर प्रवाह घेतला, तर पातळी सुमारे २ व्होल्टनी खालीवर होते. यंत्र ते सहज सोसते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतला ओलावा सुकून टाकी १००० चीच उरली, तर तीच चढउतार १० व्होल्टांवर जाते आणि स्पीकर गुणगुणू लागतो. डोके फुगलेला कॅपॅसिटर तर पाहताच ओळखू येतो. नवा घालताना क्षमता तेवढीच किंवा थोडी जास्त असावी, व्होल्ट कमी नसावेत, आणि अधिक-उणे टोके बरोबर असावीत. उलट बसवला तर तो फुटतो.

हे काम जाणकारानेच करावे. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. ट्रान्झिस्टरच्या यंत्रात ती १००० ओहम, ५ वॅटच्या रोधकातून अर्धा मिनिट उतरवावी आणि मीटरने खात्री करूनच हात घालावा. व्हॉल्व्हच्या जुन्या यंत्रात ३०० व्होल्ट व त्याहून अधिक वीज असते. ते कारागिराकडेच न्यावे. शिवाय स्पीकर सोडून ते कधी चालू करू नये.

आता ती तिसरी पिन. ती काढली की पुष्कळदा गुणगुण खरोखरच थांबते, कारण कडे तुटते. म्हणूनच हा सल्ला गावोगाव पसरला आहे. पण ही पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब का असते? प्लग लावताना अर्थ सर्वांआधी जोडला जावा आणि काढताना सर्वांनंतर सुटावा म्हणून. आतली तार घासून धातूच्या पेटीला लागली, तर अर्थिंगमधून मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडतो व घर वाचते. पिन नसेल, तर फ्यूज शाबूत राहतो आणि पेटी २३० व्होल्टवर गुपचूप बसून असते. गाणे चालूच असते. बटण फिरवायला आलेल्या ओल्या हाताच्या पोराला ते कसे कळावे? ज्या घरी ही पिन कापली गेली असेल, त्यांनी उद्याच नवा प्लग बसवावा. त्याच वेळी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जावे. ३० मिलिअँपिअरला तुटणारा संरक्षक स्विच बसवता आला तर फारच उत्तम.

शिक्षकबंधूंनी व भगिनींनी हे तीन प्रश्न शाळेच्या ध्वनिवर्धकावर मुलांसमोर विचारून पाहावेत. पेटी उघडायची गरज नाही. आवाज कोठून येतो, तारा काढल्यावर थांबतो का, बटणाने बदलतो का, हे मुलांनीच ऐकून फळ्यावर लिहावे. आणि पाठ सुरू करण्यापूर्वी शाळेच्या प्लगला तिन्ही पिना आहेत ना, हे सर्वांनी मिळून पाहावे.